‘धरलं’ म्हटल्याशिवाय

तिसाव्या मजल्यावरून पडलेला माणूस हसत उठतो, पँट झटकतो आणि चहा मागतो, हे मी रोज बघायचे. सुरुवातीला मी हातातलं टाकून धावायचे. पुढे पुढे कुणी पडलं तरी मान वर न करता मी आपली चष्मे पुसत बसायचे.

पुण्याबाहेर डोंगर फोडून नवं उपनगर उभं राहत होतं. त्याच्या पायथ्याशी आमची शेड. आत बघण्यासारखं काही नाही. सपाट कोबा, छताला कॅमेरे, भिंतीलगत खुर्च्या. पण डोळ्यांवर तो मोठा चष्मा चढवला की त्याच कोब्यावर माणसाला उंच इमारतीची कड दिसायची, खाली काड्यापेटीएवढे ट्रक दिसायचे आणि भलेभले गवंडी लहान पोरासारखे माझा खांदा गच्च धरायचे. चष्म्याचे पट्टे आवळायचे, कोपराखाली सेन्सरच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि खांद्यावरचा हात सुटेपर्यंत निमूट उभं राहायचं, हे माझं काम. हात सुटला की मी मॅडमना अंगठा दाखवायचे, मग त्या रेकॉर्डिंग सुरू करायच्या. “भीतीचं माप मला नकोय, कामाचं हवंय,” असं त्या म्हणायच्या.

मॅडम म्हणजे डॉ. शाल्मली ओगले. बांधकामावर माणूस आणि रोबो जोडीनं कसं काम करतात, याचा त्या अभ्यास करत होत्या. “खरी फरशी खऱ्या माणसावर पाडून बघता येत नाही ना, मोनाली,” त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं. “चष्म्यात हवी तेवढी पाडता येते.” बाई हुशार होत्या आणि मनानं चांगल्या होत्या. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही त्यांना शिव्या द्याल. मीही दिल्या.

आधी फक्त चष्म्यातच फरश्या देणाऱ्या या रोबोला कंपनीनं इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून काहीतरी नाव दिलं होतं. कामगारांनी ते पहिल्याच दिवशी बाजूला सारलं. त्याला म्हणे सावली लागते, थंड हवा लागते, वेळच्या वेळी चार्जिंग लागतं आणि त्याच्यावर कुणी आवाज चढवायचा नाही, म्हणून त्याचं नाव पडलं जावई. हे बारसं केलं माझ्या धाकट्या भावानं, समाधाननं. तो आणि माझा नवरा नवनाथ, दोघं त्याच साइटवर इमारतीच्या बाहेरच्या भिंतींना दगडी फरश्या बसवायचे. वरून द्यायचं काम नवनाथचं, खाली परांचीवर उभं राहून घ्यायचं समाधानचं.

“दाजी, ह्यो जावई तुमच्यापरीस बरा,” समाधान चष्मा काढता काढता म्हणायचा. “रुसत न्हाई, आन भाजीत मीठ कमी म्हनत न्हाई.”

“त्याला बायको न्हाई म्हनून,” नवनाथ म्हणायचा. सगळी शेड हसायची.

दोघांनाही काम शिकवलं ते माझ्या वडिलांनी, आबांनी. आबांच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत. एका जोडीदारानं वेळेआधी दगड सोडला होता. तेव्हापासून त्यांचा एकच नियम. घेणाऱ्यानं मोठ्यानं ‘धरलं’ म्हणायचं आणि तो शब्द कानावर पडल्याशिवाय देणाऱ्यानं हात सोडायचा नाही. दिसलं म्हणून सोडायचं नाही, वाटलं म्हणून सोडायचं नाही. आमच्या घरात चहाचा कपसुद्धा त्याशिवाय या हातातून त्या हातात जात नसे. लग्नानंतर सासूबाईंनी पहिल्यांदा माझ्या हातात हंडा दिला, तेव्हा मी सवयीनं “धरलं!” म्हणून ओरडले. त्या दचकून म्हणाल्या, “अगं, चोर धरलास का काय?”

मॅडमचा शोध नेमका याच शब्दावर घाव घालणारा होता. माणूस एखादी वस्तू घेतो तेव्हा आधी डोळे तिच्यावर जाऊन थांबतात. मग मेंदूचा हुकूम हाताला पोचतो आणि कोपराखालचे स्नायू आवळतात. बोटं प्रत्यक्ष घट्ट होतात ती त्यानंतर, आणि तोंडातून शब्द निघतो तो आणखी उशिरा. आपल्याला हे सगळं एकदमच झाल्यासारखं वाटतं, पण यंत्राच्या हिशेबी त्यात भरपूर वेळ असतो. चष्मा डोळे वाचायचा, माझ्या पट्ट्या स्नायू वाचायच्या, आणि असंख्य वेळा वाचून जावयाला कळायला लागलं की हा माणूस आता धरणार. मग शब्दाची वाट कशाला बघायची? बोटं आवळत असतानाच तो फरशी सोडायचा. ती इतकी अलगद हातात यायची की माणसं खुळ्यासारखी हाताकडे बघत राहायची.

चष्म्यात शिकलेला जावई मग खराखुरा साइटवर आला. पट्ट्या कामगारांच्या बाह्यांत शिवल्या गेल्या, डोळे वाचणारे कॅमेरे हेल्मेटला बसले. काम झपाट्यानं चाललं आणि अपघात एकही नाही. जावई कधी चुकलाच नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं. सुरुवातीला माणसं त्यालाही ‘धरलं’ म्हणायची. पण तो आधीच सोडून पुढच्या फरशीकडे वळलेला असायचा. रिकाम्या हवेत शब्द टाकणाऱ्याला बाकीचे हसायला लागले. हळूहळू साइटवरून तो शब्द गेला. कुणी बंदी घातली नव्हती, कुणाला त्याची गरज वाटेनाशी झाली इतकंच.

मला पहिला चटका बसला तो खराच चटका होता. नवनाथनं शेगडीवरून दुधाचं पातेलं उचललं आणि माझ्याकडे दिलं. मी हात पुढे केला, फडकं नीट घेतलंही नव्हतं, आणि त्यानं सोडून दिलं. दूध माझ्या पायावर सांडलं.

“अहो, सोडलंत कसं? मी धरलं तरी म्हटलं का?”

नवनाथ माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता. माझा पाय बादलीत धरून तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, “तू बगितलंस की त्याच्याकडं. हात पन पुढं केलास. मला वाटलं, घेतलंस.”

मला वाटलं! आबांच्या हाताखाली शिकलेला माणूस हे म्हणत होता. आणि ते पातेल्यापुरतं राहिलं नाही. मी काही विचारायला तोंड उघडायचे आणि तो उत्तर देऊन मोकळा झालेला असायचा. चहात साखर हवी का, हे विचारायचं त्यानं सोडून दिलं, माझ्याकडे बघून घालायचा किंवा घालायचा नाही, आणि बहुतेक वेळा बरोबर असायचा. रविवारची जादा पाळी मी करीन, असं त्यानं परस्पर मॅडमना सांगून टाकलं.

“मला विचारलंत का?”

“तू हो म्हननारच व्हतीस. तोंडावर दिसतं तुझ्या.”

खरंच, मी हो म्हणणार होते. राग त्याचाच आला. माझं ‘हो’ माझ्या तोंडून जायच्या आधीच कुणीतरी उचलून नेलं होतं आणि भांडायला माझ्याकडे जागाच ठेवली नव्हती.

तेवढ्यात कळलं की इमारतीच्या माथ्यावरचं काम निघालंय. वर भिंत आत वळत होती, जावयाला उभं राहायला जागा नव्हती. म्हणजे तिथं पुन्हा माणसाच्या हातून माणसाच्या हातात फरशी जाणार होती. जोडी ठरली नवनाथ आणि समाधान. तिथं खाली काड्यापेटीएवढे दिसणारे ट्रक खरे असणार होते. ते ऐकलं आणि माझी झोप उडाली.

मी मॅडमना गाठलं. “मॅडम, जावयाचं काही नाही, तो करील बरोबर. पण आमची माणसं आता एकमेकांबरोबरही तशीच वागायला लागलीत. विचारतच नाहीत.”

मॅडमनी चेष्टा केली नाही. त्याच आठवड्यात त्यांनी दोघांना एकत्र चष्म्यात उभं केलं, जावयाशिवाय. नवनाथ चष्म्यातल्या गच्चीवर, समाधान चष्म्यातल्या परांचीवर. खरं म्हणजे दोघं कोब्यावर हातभर अंतरानं उभे होते. नवनाथनं फरशी खाली दिली. समाधाननं तिच्याकडे बघितलं मात्र, नवनाथचे हात उघडले. फरशी समाधानच्या छातीवर आली आणि तो चष्म्यातल्या तिसाव्या मजल्यावरून खाली गेला.

“आयला दाजी! मारलंत की मला!” समाधान पोट धरून हसत होता.

नवनाथही हसत होता. “चल, पुन्ना.”

पुन्हा तेच झालं. त्यानंतरही तेच झालं. आणि दर वेळी ते हसत होते, कारण चष्म्यात मेलेला माणूस उठून चहा पितो, हे त्यांना पाठ झालं होतं. मॅडमचा चेहरा मात्र उतरला. त्यांनी ते सगळं कंपनीपुढे ठेवलं आणि काम थांबवायला लावलं. माझं ऐकलं गेलं म्हणून मला त्या दिवशी केवढं हलकं वाटलं.

कंपनीनं उपाय काढला. शब्द गेलाय ना, मग शब्द परत आणू. उंचावर वारा असतो, यंत्रांची घरघर असते, तिथं ओरडून तरी काय ऐकू येणार? तेव्हा हेल्मेटच्या आत कानाशी छोटे स्पीकर बसवायचे, बाहेरचा गोंगाट बंद करायचा, आणि घेणाऱ्याच्या डोळ्यांवरून नि स्नायूंवरून यंत्राला कळलं की यानं धरलं, की देणाऱ्याच्या कानात ‘धरलं’ असा आवाज द्यायचा. तोही घेणाऱ्याच्याच आवाजात, म्हणजे माणसाला परकं वाटणार नाही. घेणारा विसरला तरी शब्द चुकणार नाही.

मला ते पटलं. आबांचा नियम कंपनीनं हेल्मेटमध्ये बसवला, असंच मी समजले आणि घरी पेढे नेले.

आवाज भरायचं काम शेडमध्येच झालं. माइक मीच धरला होता. दमलेल्या आवाजात, धाप लागलेल्या आवाजात, मजेत, घाईत, सगळ्या तऱ्हांनी एकेक माणूस ‘धरलं’ म्हणून जात होता. समाधाननं तर नाटकच केलं. एकदा पोलिसासारखं म्हणाला, एकदा नवरीला हार घालताना लाजल्यासारखं. शेवटी नीट, मोकळ्या गळ्यानं म्हणाला, “धरलं!” त्याचा आवाज शेडभर घुमला. मॅडम म्हणाल्या, “याच्याइतका स्वच्छ आवाज कुणाचाच नाही.”

“ताई, म्या मेलो तरी दाजीस्नी माजा आवाज ऐकावा लागनार बग,” समाधान म्हणाला.

“गप बस, मेल्या,” मी म्हटलं. आणि माइकवर पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

माथ्यावरचं काम सुरू झालं. पहिले काही दिवस छान गेले. नवनाथ घरी येऊन सांगायचा, “कानात त्याचा आवाज येतो बग, एकदम शेजारी उबा असल्यागत. वर इतका वारा, पर शब्द कसा लख्ख.” दुधाचं पातेलं देतानाही तो माझ्या ‘धरलं’साठी थांबायला लागला. आमचं घर पुन्हा आमचं झाल्यासारखं वाटलं.

मी शेडमध्ये एका नव्या माणसाला चष्मा चढवत होते. त्यानं माझा खांदा धरला होता. बाहेर भोंगा झाला आणि माणसं माथ्याकडे बोटं दाखवत पळायला लागली. मीही पळाले. मान वर केली तेव्हा परांचीच्या कडेला सुरक्षेच्या पट्ट्याला लटकलेला एक माणूस दिसला, वाऱ्यानं हळूहळू फिरत होता. पट्टा तुटला नव्हता. पट्ट्यानं आपलं काम चोख केलं होतं. पण त्याआधीच फरशी छातीवर आदळली होती.

हेल्मेट पिवळं होतं. समाधानचं हेल्मेट पिवळं होतं.

आबांना गावाहून आणलं. अंत्यविधी झाला. नंतर नवनाथला समोर बसवून त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“धरलं म्हनला व्हता का?”

“व्हय, आबा. तुमची आन. मी ऐकलं.”

आबांनी तीन बोटांचा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. “मंग तुजी चूक न्हाई. हात सुटला आसंल पोराचा.” त्यानंतर नवनाथ पहिल्यांदा रडला. मी भावासाठी रडत होते आणि नवऱ्यासाठी देवाचे आभार मानत होते. एकाच वेळी दोन्ही.

तेराव्यानंतर मी सामान आणायला शेडवर गेले. मॅडम एकट्या बसल्या होत्या. त्यांनी मला आत बोलावून दार लावलं.

“मोनाली, तुला हे ऐकायचंय की नाही, तू ठरव. मी कुणालाही ऐकवलेलं नाही. पण तुझ्यापासून लपवणं मला जमत नाहीये.”

समाधानच्या हेल्मेटला बाहेरच्या बाजूनंही एक माइक होता. नवनाथच्या कानात काय गेलं आणि समाधानच्या तोंडून काय निघालं, हे दोन्ही नोंदलं गेलं होतं. मॅडमनी आधी पहिलं लावलं. “धरलं!” मोकळा, स्वच्छ, शेडमध्ये मी माइक धरून भरलेला आवाज.

मग त्याच क्षणाचं दुसरं लावलं. वाऱ्याचा घोंघाट होता आणि त्यात समाधान ओरडत होता.

“थांबा, दाजी! थांबा!”

मी खुर्चीत बसले. मॅडम हळू आवाजात सांगत होत्या. डोंगराकडून वावटळ आली. समाधानचे डोळे फरशीवर होते, पण तोल गेला म्हणून त्यानं परांचीचा खांब पकडला. कोपराखालचे स्नायू आवळले. यंत्राला तेवढंच दिसलं, डोळे फरशीवर आणि हात घट्ट. त्याच्या लेखी याचा एकच अर्थ होता. माणूस ओझं घेण्यासाठीच नव्हे, स्वतःला सावरण्यासाठीही हात आवळतो, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. शेडमध्ये तसे हात रोज आवळले जात होते, माझ्या खांद्यावर. पण तेव्हा रेकॉर्डिंग बंद असायचं.

“मी थांबायचे ना,” मॅडम म्हणाल्या, “तू अंगठा दाखवेपर्यंत.”

मी त्यांना तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. शेवटी डोळे पुसत म्हणाल्या, कंपनीनं पद्धत बंद केलेली नाही, सुधारायला सांगितली आहे. आता भीतीनं आवळलेल्या हातांचीही नोंद करायची आहे, आणि ते काम माझ्याइतकं कुणालाच जमणार नाही. आणि ज्या नव्या माणसांचे आवाज अजून भरलेले नाहीत, त्यांच्यासाठी तूर्त समाधानचाच आवाज ठेवला आहे. सगळ्यात स्वच्छ होता म्हणून. दुसऱ्या दोन साइटवरही तो गेला आहे.

मी पट्ट्यांची पेटी तिथंच ठेवली आणि निघाले. रस्ताभर एकच ठरवत होते. नवनाथला हे कळता कामा नये. तो उभा आहे तो एका शब्दावर. ‘त्यानं म्हटलं आणि मी ऐकलं,’ एवढ्या आधारावर तो जेवतो, झोपतो, आबांच्या समोर जातो. तो शब्द मी काढून घेणार नव्हते. लग्न झाल्यापासून मी त्याच्याशी एकदाही खोटं बोलले नव्हते, पण हे बोलणार होते आणि जन्मभर बोलणार होते. दारापर्यंत पोचेस्तोवर मी चेहराही नीट करून घेतला.

नवनाथनं चहा केला होता. त्यानं कप माझ्यापुढे धरला आणि माझ्याकडे बघितलं.

“शेडवर गेली व्हतीस?”

“हो. सामान आणायला.”

“मॅडम काय म्हनल्या?” त्यानं विचारलं. “समाधान म्हनला व्हता ना, मोना? धरलं?”

मी तोंड उघडलं. ‘हो’ जिभेवर तयार होतं. पण तो माझ्या तोंडाकडे बघतच नव्हता. तो माझे डोळे बघत होता, मग माझ्या हाताकडे बघितलं. बशीभोवती माझी बोटं कशी आवळली आहेत ते त्यानं बघितलं. इतके महिने त्या यंत्राशेजारी उभं राहून तो हेच तर शिकला होता.

“हो,” मी म्हटलं. “म्हणाला होता.”

त्यानं सावकाश मान हलवली. उत्तर त्याला आधीच मिळालं होतं.

कप अजून आमच्या दोघांच्या हातात होता. चहा बशीत डचमळत होता.

“धरलं,” मी म्हटलं.

त्यानं सोडला नाही.

“अहो, धरलंय मी. सोडा.”

तो माझ्याकडे बघत राहिला आणि त्यानं कप सोडला नाही.